वीस ग्रॅम

प्रत्येक वजनाच्या पोटात एक खड्डा असतो.
गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, तो वरचा आकडा वाचतो.
खड्ड्यात शिसं, शिशावर सरकारी शिक्का.
हात लागून लागून लोखंड जेवढं झिजतं
तेवढं शिसं मी परत ओततो.
सियागंजच्या मागच्या गल्लीत, एकतीस वर्षं, हेच.

रविवारी भांबळ पाळक पुलपिटावरून सांगतात,
आपापल्या कामात प्रभूला शोधा.
पुढच्या बाकांवर नर्सेस बसतात, शिक्षक बसतात,
त्यांच्याकडे बघून सांगतात.
मी मागे. नखांतलं काळं निघत नाही म्हणून
प्रभुभोजनाचा तुकडाही चिमटीच्या टोकानं धरतो.
मी कुठे शोधायचं?
ओंजळीएवढ्या भट्टीत? कानशीच्या दातांत?
की त्या काट्यात,
जो जवळ कुणी नुसता खोकला तरी बिथरतो?

आता सांगतोच.
सलोमीच्या नर्सिंगची फी भरायची होती,
आणि पोरवाल सेठ पाच किलोचं वजन घेऊन आला.
"बस बीस ग्राम, मास्टर. किसका घर डूबेगा?"
शिक्का तसाच ठेवून मी बाजूनं गिरमिट घातलं,
आतलं शिसं कुरतडलं, भोकात मेण भरलं, वर काजळी.
काम सुबक झालं.
तेच जास्त लागलं. हात तोच होता, तितकाच चोख.

फी भरली. मुलगी आता रात्रपाळी करते,
सलाईनचे थेंब घड्याळाशी जुळवते.
मी तिला काही सांगितलेलं नाही.

पोरवालनं दुकान विकलं. वजनं कुठे गेली कोण सांगणार?
सुवार्ता साखर आणायला धाडायची
आणि मी पारड्याकडे बघत उभा.
वजन उचलायचो, उलटं करायचो.
"चाचा, खरीदोगे क्या?" दुकानदार हसायचे.
रात्री प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेऊन झाली
की शेवटी तुला एक आकडा सांगायचो.
आमेनच्या आधी. पुटपुटत.

मग बटणांचे काटे आले, लाल आकड्यांचे.
लोखंडी वजनं पोत्यांनी भंगारात निघाली.
मला वाटलं, तेही वितळलं असेल कुठल्या भट्टीत.
खरं सांगायचं तर बरं वाटलं.

गेल्या मंगळवारी जुन्या इंदूरातला रईस रद्दीवाला
वजनं घेऊन आला. "देख लो, मास्टर.
ग्यारह साल से रद्दी तोल रहा हूँ, घाटा ही घाटा."
पाच किलोचं उलटं केलं.
कडेला मेण.
माझंच.

मी स्टुलावर बसून हिशेब करत राहिलो.
विकणाऱ्याच्या हातात ते चोर होतं.
विकत घेणाऱ्याच्या हातात तेच वजन
दर पारड्याला वीस ग्रॅमचे पैसे जास्त मोजत आलं.
दारात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन उभ्या बायकांना,
जुन्या वह्या विकून पतंग आणणाऱ्या पोरांना,
अकरा वर्षं.
प्रभू, हा तुझा विनोद असेल तर मला पुरता कळला नाही.
हसू आलं खरं.
मग रईसच्या शर्टाची उसवलेली कॉलर दिसली.

भट्टी पेटवली.
वीस ग्रॅम शिसं म्हणजे लहानसं बोर.
वितळताना त्यावर आधी राखाडी साय येते,
ती काढली की खाली इतकं लखलखीत
की वाकलेल्याला स्वतःचं तोंड दिसावं.
मी वाकलो होतो.
ओतलं. निवू दिलं. घासलं.
काटा डावीकडे गेला, उजवीकडे,
पुन्हा थोडा डावीकडे,
आणि मी श्वास धरून बसलो
जसा देवळातही कधी बसलो नाही.

थांबला.

"कितना हुआ?" रईसनं खिशात हात घातला.
पुढचा शिक्का खात्याकडून मारून घ्यायचा होता,
तेवढं सांगून झालं.
गल्लीत हातगाडीवर पोह्यांची वाफ होती.
"बैठो, रईसभाई," मी म्हटलं.
"चाय मँगाता हूँ.
मेरी तरफ एक हिसाब बाकी है."